अंजीर मेलेलं नाही, झोपलंय

सदर : परसदार



संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाचक आपांचं पत्र आलं आहे. त्यांची लेक टोरंटोला असते. शेजारच्या पोर्तुगीज आजोबांनी तिला उन्हाळ्यात कुंडीतलं अंजिराचं झाड दिलं. झाड कंबरेएवढं, त्यावर पाच-सहा हिरवी फळंही होती. ऑक्टोबरमध्ये थंडी वाढली तेव्हा जावयांनी काळजीने कुंडी उचलून दिवाणखान्यात हीटरजवळ आणून ठेवली. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडून गळाली. डिसेंबरात पांढुरकी, लांबुडकी पालवी फुटली आणि तीही सुकली. आता कुंडीत नुसत्या काठ्या उभ्या आहेत. आपा लिहितात, "लेक रोज व्हिडिओ कॉलवर झाड दाखवते आणि गप्प होते. जावई म्हणतात टाकून देऊ. मी म्हटलं थांबा, मलकापूरच्या बाईंना विचारते." पत्राच्या शेवटी आणखी एक प्रश्न आहे : आमच्या अंगणात अंजीर लावलं तर जगेल का?

आपा, लेकीला आधी एवढंच करायला सांगा. झाडाच्या शेंड्याकडची साल नखाने किंचित खरवडायची. आत हिरवं, ओलसर दिसलं तर काडी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर वीतभर खाली सरकून पुन्हा खरवडायचं. असं करत बुंध्यापर्यंत यायचं. शेंडे मेले आणि बुंधा हिरवा, असं पुष्कळदा निघतं. समजा बुंधाही कोरडा निघाला, तरी कुंडी फेकायची नाही, कारण अंजीर मुळापासून नव्याने फुटतं. आपल्याकडे कलमी आंब्याचा वरचा भाग मेला की खालून येतो तो रायवळ फुटवा, मूळ जात गेलेली असते. अंजिराचं तसं नाही. ते बहुधा फांदी लावूनच वाढवलेलं असतं, त्यामुळे मुळातून आलेला कोंबही त्याच जातीचा, तीच गोडी असलेला असतो. म्हणून जावयांना माझा निरोप सांगा : निकाल जूनच्या शेवटी लावायचा, जानेवारीत नाही.

आता हे झालं कशामुळे ते पाहू. आपल्या उंबराचा, वडाचा, पिंपळाचा हा चुलतभाऊ. पण उंबर बारा महिने आपल्या ओढ्याकाठी रमतो आणि अंजिराचं मूळ घर पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या आसपासचं. तिथला उन्हाळा कोरडा असतो आणि हिवाळा थंड, पण फार कडक नाही. त्या हवामानात झाडाला एक सवय लागली. थंडी आली की पानं टाकायची, खोडामुळांत अन्न साठवून स्वस्थ झोपायचं आणि ऊब आली की उठायचं. फार लांब झोपही त्याला लागत नाही. सफरचंदाच्या मानाने फारच कमी थंडीवर त्याचं भागतं, म्हणूनच ते महाराष्ट्रातही फळतं.

दिवाणखान्यात या झाडाला ना हिवाळा मिळाला ना उन्हाळा. हीटर सांगतो ऊठ, आणि खिडकीतून येणारा डिसेंबरचा उजेड पानांना अन्न करायला पुरत नाही. मग झाड साठवणीतलं अन्न मोडून पालवी काढतं. ती फिकी आणि लांबट निघते आणि मरते. सहरी चुकलेल्या माणसाला दिवसभर मळणीला उभं करावं, तसं हे आहे. थंडीने या झाडाला काही केलेलं नाही. त्याची झोपमोड झाली आहे.

त्यामुळे उपायही उलटा वाटेल असा आहे. झाड बिनपानाचं असेल तर ते थंडीत न्यायचं, मात्र बाहेरच्या बर्फात नाही. घराला लागून असलेलं, हीटर नसलेलं गॅरेज किंवा गारठा असलेलं तळघर यासाठी उत्तम. शून्य ते सात अंशांच्या आसपास जिथं राहतं ती जागा निवडायची. अंधार असला तरी चालतो, पानंच नाहीत तर उजेड कोणाला हवा? पाणी तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही पेलाभर. माती पीठ होऊ नये आणि ओलीही राहू नये. माया करणारी माणसं इथंच चुकतात. झोपलेलं झाड पाणी पीत नाही, ते पाणी मुळाशी साचून मूळ कुजतं. गॅरेज फारच गोठत असेल तर कुंडी सिमेंटच्या फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवायची आणि जुनी रजाई कुंडीभोवती गुंडाळायची. जमिनीतल्या मुळांना माती सांभाळते, कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी गारठा लागतो. रजाई काड्यांपेक्षा मुळांना जास्त हवी.

कुंडीत अजून दोन-चार हिरवी पानं टिकून असतील तर मात्र एकदम अंधारात न्यायचं नाही. घरातल्या सगळ्यांत गार खोलीत खिडकीशी ठेवून पाणी कमी करत जायचं, पानं आपोआप गळतील.

बाहेर काढायची घाई एप्रिलमध्ये होते. टोरंटोत मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठण्याची भीती असते, आणि झोपलेली काडी जे सोसते ते कोवळा कोंब सोसत नाही. पहिले काही दिवस तासभर सावलीत, मग थोडं ऊन, मग पूर्ण ऊन, असं आठ-दहा दिवसांत त्याला बाहेरची सवय लावायची.

पुढच्या वर्षीसाठी तयारी उन्हाळ्यातच करायची असते. जुलैनंतर युरिया किंवा नत्राचं दुसरं कुठलंही खत देऊ नये. उशिरा फुटलेल्या हिरव्या लुसलुशीत काड्या पक्व होत नाहीत आणि थंडीत सर्वांत आधी त्याच जातात. सप्टेंबरपासून पाणी आखडतं घ्यायचं. हलकी थंडी पडून पानं गळली की मगच कुंडी आत. पानांसकट आत नेण्याचं कारण नाही.

कोणी म्हणेल, मुळातून फुटतंच आहे तर काड्यांची एवढी काळजी कशाला? कारण अंजिराला फळ दोन वेळा येतं. एक गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर, लवकर. दुसरं त्या वर्षीच्या नव्या फुटीवर, उशिरा. टोरंटोसारख्या ठिकाणी उन्हाळा छोटा, नव्या काडीवरची फळं पिकायच्या आत पुन्हा थंडी येते. मुळातून फुटलेलं झाड जगतं, हिरवंगार दिसतं, पण त्याची फळं कच्चीच राहण्याची भीती असते. पिकलेलं फळ हातात पडायचं तर जुनी काडी हिवाळ्यातून वाचून बाहेर आली पाहिजे. चांगली मुरलेली, झोपलेली काडी साधारण उणे दहा अंशांपर्यंत तग धरते, शेंडे आणि कोवळी झाडं त्याआधीच जातात. टोरंटोची थंडी त्याच्याही खाली उतरते.

लेकीच्या शेजारच्या आजोबांना हे सगळं ठाऊक असणार. टोरंटो, न्यूयॉर्क, न्यू जर्सी या भागांत दक्षिण युरोपातून, विशेषतः इटलीतून गेलेल्या लोकांनी आपापली अंजिरं सोबत नेली आणि तिथल्या हिवाळ्याशी त्यांनी जी तोड काढली ती ऐकून माणूस थक्क होतो. ते झाड चक्क पुरतात. पानं गळल्यावर फांद्या दोरीने एकत्र बांधायच्या. झाडाच्या एका बाजूला माणूस मावेल असा चर खणायचा. दोन बाजूंची मुळं कुदळीने तोडायची, बाकीची तशीच ठेवायची आणि झाड हळूहळू वाकवून चरात आडवं करायचं. वर फळ्या, वाळका पाला, ताडपत्री आणि माती. वसंतात माती उकरून झाड पुन्हा उभं करायचं. हे दर वर्षी. ज्यांच्याकडे एवढी जागा किंवा ताकद नाही ते झाड उभंच ठेवून फांद्या बांधतात, भोवती तारेची जाळी लावून आत वाळका पाला ठासतात, बाहेरून गोणपाट गुंडाळतात आणि डोक्यावर बादली उपडी घालतात, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. आमच्या शाहूवाडीतल्या जुन्या माणसांना हे सांगितलं तर ते म्हणतील, झाडाला इरलं घातलं म्हणा की! प्लास्टिक मात्र झाडाला थेट चिकटवून गुंडाळू नये. उन्हाच्या दिवशी आत वाफ धरते, झाडाला वाटतं वसंत आला, आणि रात्री गारठा त्याला गाठतो. आणखी एक, पाल्याच्या उबेला उंदीर येतात आणि साल कुरतडतात. तेव्हा बुंध्याला जाळी आधी.

हे पुरणं इटालियनांचंच आहे असं मात्र नाही. समरकंद, बुखारा, फरगणा या उझबेकिस्तानातल्या भागांत, आणि पलीकडे उइगुरांच्या अतुशमध्ये, अंजीर दर हिवाळ्यात मातीखाली झाकलं जातं. डाळिंब आणि द्राक्षवेलही. वाकवायला सोपं जावं म्हणून तिकडे रोप मुळातच तिरकं लावायची पद्धत आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे मला यात वेगळीच गंमत वाटते. उझबेक माणूस ज्याला अंजीर म्हणतो, तुर्क ज्याला इंजिर म्हणतो, त्याला फारसीत, उर्दूत आणि मराठीत आपणही अंजीरच म्हणतो. झाड ज्या वाटेने आलं त्याच वाटेने नाव आलं. अरबीत मात्र ते तीन. कुरआनची 95वी सूरह त्याच नावाची आहे, अत्-तीन. आठ आयतींची, मकतबातल्या लहान पोरांनाही पाठ असलेली. आपल्या कितीतरी घरांत अंगणात अंजीर असावं असं वाटतं ते त्यामुळेच. (अंजिराच्या नावाने मोबाईलवर फिरणारे चमत्कारी दावे मला बरेच येतात. ते मी पुढे पाठवत नाही, तुम्हीही पाठवू नका. सूरहची शान त्यांच्यावर अवलंबून नाही.)

अरबी भाषेचा आणि अंजिराचा आणखी एक धागा इंग्लंडमध्ये आहे. एडवर्ड पोकॉक हा सतराव्या शतकातला पाद्री. 1630 पासून काही वर्षं तो हलबला, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोला, इंग्रज व्यापाऱ्यांबरोबर राहिला आणि तिथं अरबी शिकला. 1636 मध्ये तो ऑक्सफर्डचा अरबीचा पहिला लॉडियन प्राध्यापक झाला. तिथल्या क्राइस्ट चर्च कॉलेजच्या बागेतलं जुनं अंजीर त्याने लावलेलं म्हणून ओळखलं जातं. इंग्लंडमध्ये अंजीर लावायची रीतच आहे की, ते दक्षिणेकडे तोंड असलेल्या उंच भिंतीला टेकवून वाढवायचं. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते आणि वाराही अडवते. ब्लॅकबर्न, बर्मिंगहॅमकडे आपल्या कोकणातली पुष्कळ घरं आहेत, त्यांच्यासाठी ही सूचना गोणपाटापेक्षा कामाची.

एक शंका लेकीलाही येईल म्हणून इथंच सांगते. अंजिराचं फूल फळाच्या आत असतं, आणि काही जातींत एक चिलटाएवढी माशी आत शिरल्याशिवाय फळ धरत नाही. कॅलिफोर्नियात स्मर्ना जातीची झाडं लावली, ती वाढली, पण फळं गळत राहिली. 1899 मध्ये ती माशी बाहेरून आणून वसवल्यावर पीक आलं. मग कॅनडात ती माशी कुठून आणायची? आणायची गरज नाही. घराघरांत वाढवतात ती अंजिरं माशीशिवाय फळणाऱ्या जातींची असतात. आपलं पुण्याकडचं अंजीरही त्याच प्रकारचं.

पुण्याकडचं म्हणजे पुरंदरचं. दिवे घाटातून सासवडला जाताना हंगामात रस्त्याकडेला अंजिराच्याच पानांवर मांडलेल्या पाट्या दिसतात ना, ते. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जाधववाडीला राहुरी कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. पाऊस कमी, जमीन निचऱ्याची आणि चुनखडीची, हवा कोरडी, म्हणजे झाडाच्या मूळ घराशी नातं सांगणारी. पण बर्फ नाही, कडाका नाही. मग तिथं झाडाला झोपवतं कोण?

शेतकरी झोपवतो. पाणी तोडून. याला ताण देणं म्हणतात. काही आठवडे पाणी बंद, जमीन तापते, पानं पिवळी पडून गळतात, झाड स्वस्थ होतं. मग छाटणी, शेणखत आणि भरपूर पाणी, की झाड एकदम जागं होऊन फुटतं आणि फळ धरतं. ताण कधी दिला यावर बहर ठरतो. पावसाळ्याच्या शेवटी ताण देऊन छाटलं तर फळ उन्हाळ्याच्या तोंडाला येतं, गोड आणि भरलेलं. तो मीठा बहर. दुसरा खट्टा. हे शब्द तिथल्या मराठी शेतकऱ्याच्या तोंडी इतके बसले आहेत की, बहर म्हणजे फारसीत वसंत, हे त्याला सांगावं लागत नाही. वसंत आपण ठरवू तेव्हा येतो एवढं त्याला माहीत आहे. टोरंटोत जे काम थंडी करते ते सासवडला कोरड करते. लेकीच्या गॅरेजमधलं पेलाभर पाणी आणि पुरंदरचा ताण, दोन्हीत झाडाला एकच गोष्ट मिळते, विसावा.

आता आपा, तुमचा दुसरा प्रश्न. तुमचं संगमेश्वर घाटाखाली, आमचं मलकापूर आंबा घाटाच्या वर, पण पावसाच्या बाबतीत आपण सख्खे शेजारी. आपल्याकडे हिवाळा अंजिराला काही करत नाही. त्याला मारतो तो पावसाळा. जूनपासून माती चिंब, मुळाशी पाणी, पानांवर तांबेऱ्याचे ठिपके. ऑगस्टपर्यंत झाड आजारी होऊन पानं टाकतं. फळ असलंच तर फुगून तडकतं, आंबतं. ताण द्यावा म्हटलं तर आभाळाचा नळ बंद कोण करणार? मलकापुरात अंगणाच्या मातीत थेट लावलेली दोन-तीन झाडं मी पाहिली. उंच वाढतात, खायला देत नाहीत.

म्हणून आपल्याकडे अंजीर कापलेल्या पिंपात किंवा मोठ्या कुंडीत लावायचं. तळाला चार भोकं, त्यावर खापऱ्या, मातीत वाळू आणि मूठभर चुनखडी. जूनच्या सुरुवातीला पिंप वळचणीला घ्यायचं, पागोळीच्या आत. टोरंटोच्या झाडाला अंधार चालतो, आपल्या झाडाला चालत नाही, कारण आपल्याकडे गारठा नाही. पिंप उजेडात हवं, फक्त पावसात नको. पाणी जेमतेम द्यायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात तेही तोडत आणायचं, पानं झडू द्यायची आणि झडलेला पाला रोज उचलून लांब पुरायचा, तांबेरा त्यातूनच पसरतो. तांबेरा दिसलाच तर एक टक्का बोर्डो मिश्रण : दहा लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र. फळ असताना हे फवारू नये. ऑक्टोबरात पाऊस गेला की छाटणी करून पिंप उन्हात काढायचं, कुजलेलं शेणखत घालायचं आणि पाणी सुरू करायचं. साधारण साडेचार महिन्यांनी पहिलं फळ हाताशी येतं. बुलबुल तुमच्या आधी पोचतात, तेव्हा जुन्या ओढणीची पिशवी शिवून ठेवा.

छाटताना हातमोजे घालावेत. अंजिराचा पांढरा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं तर फोड येतात, लहान मुलांना तर जवळ येऊ देऊ नये.

छाटलेल्या काड्या फेकायच्या नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांच्या काड्या करून दोन डोळे वाळूमिश्रित मातीत जातील अशा सावलीत लावायच्या. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. लेकीलाही हेच सांगा. पुढच्या हिवाळ्यात झाड झोपलं की दोन काड्या कापून ओलसर कागदात गुंडाळायच्या, वरून पिशवी बांधायची आणि फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात भाजीशेजारी ठेवायच्या. मार्चमध्ये लावल्या की फुटतात. गॅरेजमधल्या झाडाचं काहीही झालं तरी आजोबांचं अंजीर घरात राहील.